मक्या तुमच्या मुलीला ओळखतो का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंग्लंडात लेस्टरला राहता. मुलीने शाळेत असताना कॉर्न स्नेक, म्हणजे एक बिनविषारी अमेरिकन साप, आणला आणि त्याचं नाव ठेवलं मक्या. (नाव झकास आहे, मुलीला सांगा.) तिच्या हातावर तो निवांत फिरतो. तुम्ही उचललं की वळवळतो, आणि एकदा तर तुमच्या ओढणीवर असा काही वास सोडला की ती टाकून द्यावी लागली. मुलगी म्हणते, तो मला ओळखतो. सासूबाई म्हणतात, सापाला कसली आलीय ओळख, असलीच तर डूख धरण्यापुरती. आता मुलगी सप्टेंबरात युनिव्हर्सिटीला निघाली आहे आणि मक्या अक्षरशः तुमच्या गळ्यात पडणार आहे. तो तिला विसरेल का आणि तुम्हाला ओळखू लागेल का, हे तुम्हाला हवं आहे.

पुण्यात सर्पमित्रांच्या मागे मागे हिंडून मी साप हाताळायला शिकलो, पुढे इकडे सरपटणाऱ्या प्राण्यांची देखभाल हाच पेशा झाला. त्या अनुभवावरून आणि जे थोडं संशोधन झालं आहे त्यावरून माझं उत्तर असं: मुलीचा वास मक्याच्या ओळखीचा असणार, हे बहुधा खरं. तिची हात लावायची पद्धत त्याच्या अंगवळणी पडली आहे, हे जवळजवळ नक्की. पण 'ही ती, हिनेच मला लहानाचं मोठं केलं' अशी ओळख सापाला असते, असं अजून कोणी दाखवलेलं नाही. या तिन्ही गोष्टी बोलताना आपण एकाच शब्दात कोंबतो आणि मग घरात वाद होतात.

आधी वासाचं बघू, कारण सापाचं निम्मं जग तिथेच आहे. मक्याला हातात घ्या आणि त्याची जीभ नीट पाहा. निवांत असला की ती सावकाश बाहेर येते, दोन्ही टोकं फाकतात, वर-खाली एक झोका होतो आणि आत जाते. काही नवं समोर आलं की झोके भराभर होतात. जीभ चव घेत नाही, ती हवेतले आणि पृष्ठभागावरचे वासाचे कण टिपते आणि तोंडात नेते. टाळूवर जेकबसनचं इंद्रिय म्हणून वासाची एक जोडगोळी असते, तिथे त्या कणांची छाननी होते. जीभ दुभागलेली का, याचं उत्तर कर्ट श्वेंक या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९९४ साली नीट मांडलं. दोन टोकं दोन वेगळ्या जागांचे नमुने उचलतात, त्यावरून वास डावीकडे जास्त की उजवीकडे हे सापाला कळतं आणि उंदराच्या किंवा मादीच्या मागावर राहता येतं. आपण दोन कानांनी आवाजाची दिशा ठरवतो तसंच.

या यंत्रणेला माणसाचा वास म्हणजे किरकोळ काम. तुमचा घाम, त्वचेवरचं तेल, साबण, सकाळी दिलेल्या फोडणीतला हिंग-लसूण, मांजर असेल तर तिच्या अंगाचा वास, या सगळ्याचं मिळून एक गाठोडं होतं आणि मक्याच्या लेखी ते गाठोडं म्हणजे तुम्ही. केस कापा, चष्मा बदला, त्याचं काही बिघडत नाही. साबण बदलला तर मात्र तो तुमच्या मनगटावर बराच वेळ जीभ लपलपवत बसू शकतो. नजर त्याला आहे, हालचाल त्याला चटकन दिसते, पण आपण चेहरा पाहतो तसा तो पाहत नाही.

आवाजाचं फार मनावर घेऊ नका. बाहेरचा कान नसला तरी साप ठार बहिरा नसतो. जमिनीची थरथर त्याला जबड्यातून कळते आणि हवेतला आवाजही काही प्रमाणात कळतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला क्रिस्टिना झ्डेनेक आणि सहकाऱ्यांनी १९ सापांना ४५० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकवले, २०२३ साली ते प्रसिद्ध झालं. वोमा जातीचे अजगर आवाजाच्या दिशेने सरकले, तायपानसारखे विषारी साप लांब गेले. म्हणजे माणसाच्या बोलण्यातले खालच्या पट्टीतले स्वर त्यांच्यापर्यंत पोहोचू शकतात. पण 'मक्या, ये रे' म्हटल्यावर तो येतो असं कोणी सांगत असेल तर त्या वेळी हातात चिमटा आणि चिमट्यात उंदीर होता का, एवढं विचारून घ्या.

आता मुद्द्याचं संशोधन, आणि योगायोगाने ते तुमच्याच सापाच्या जातीवर झालेलं आहे. इंग्लंडातल्याच लिंकन विद्यापीठात अ‍ॅना विल्किन्सन यांच्या गटाने कॉर्न स्नेकना ओळखीच्या आणि अनोळखी माणसाच्या वासातला फरक कळतो का, हे तपासलं. २०२१ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट अशी की साप कसा ठेवला आहे यावर उत्तर बदलत होतं. फरक करण्याची ही क्षमता राहण्याच्या जागेशी बांधलेली निघाली. कागद, पाण्याचं भांडं आणि एक डबा एवढ्यावर ठेवलेला साप आणि लपायला, चढायला, उकरायला भरपूर असलेल्या पेटीतला साप, हे वागण्यात सारखे नसतात. पाळणाऱ्यांच्या गप्पांत 'माझा ओळखतो', 'माझा नाही ओळखत' अशी जुगलबंदी चालते तेव्हा या गोष्टीकडे कोणी बघतच नाही. सापाची जात, वय, स्वभाव सगळं निघतं, पेटीत काय आहे ते निघत नाही.

पण त्या प्रयोगातला प्रश्न 'ओळखीचा वास की अनोळखी' असा होता. 'आई की मुलगी' असा नव्हता. हा फरक बारीक वाटेल, पण सगळी गोम इथेच आहे. गावात नवखा माणूस आला की कुत्रं भुंकतं, म्हणजे त्याला नवखेपणा कळतो. गावातल्या प्रत्येकाला ते वेगवेगळं ओळखतं हे त्यावरून सिद्ध होत नाही, त्याची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. सापाच्या बाबतीत ती घ्यायची तर दोन सारख्याच सरावाची माणसं हवीत, आणि प्रत्येकाबद्दल सापाला काही वेगळं माहीत असायला हवं.

एका सापाला दुसरा साप वेगळा ओळखता येतो का, इथे पुरावा बरा आहे. कॅनडात विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठात मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर यांनी ४० लहान गार्टर साप एकत्र ठेवले, डोक्यावर रंगाचे ठिपके लावले आणि कोण कोणाबरोबर बसतं ते टिपलं. सापांना उचलून, जागा पुसून, पुन्हा वेगळ्याच ठिकाणी ठेवलं तरी ते साधारण आधीच्याच सोबत्यांकडे परतत. हे २०२०चं काम. २०२४ साली त्याच विद्यापीठातून आणखी एक अभ्यास आला. त्यात सापाला त्याचाच वास ऑलिव्ह तेल मिसळून दिला. गार्टर साप आपल्या बदललेल्या वासापाशी जीभ जास्त वेळ लपलपवत राहिले, जणू 'हा मीच, पण काहीतरी गडबड आहे'. बॉल पायथन या छोट्या आफ्रिकी अजगरामध्ये असं काही दिसलं नाही. गार्टर साप थंडीत घोळक्याने राहतात, बॉल पायथन एकटा बिळात. ज्याला सोबत्यांत राहायचं असतं त्याला वैयक्तिक ओळखीचा उपयोग असतो. कॉर्न स्नेकही बहुतेक आयुष्य एकट्यानेच काढतो. म्हणून मुलीने स्वतःला मक्याची मैत्रीण समजू नये असं माझं मत आहे. सवयीची झाडाची फांदी समजावं. तोही मान कमी नाही.

याचा अर्थ मक्या मठ्ठ आहे असा मुळीच नाही. रॉचेस्टर विद्यापीठात डेव्हिड होल्ट्झमन यांनी १९९९ साली कॉर्न स्नेकना एका मोठ्या गोल भांड्यात सोडलं. तळाला आठ भोकं, त्यातलं एकच लपायच्या जागेकडे जाणारं. सरावाने सापांना ते भोक लवकर सापडू लागलं. फ्लोरिडातल्या जंगली बर्मी अजगरांना बटण दाबलं की खाणं मिळतं हे शिकवता आलं, तो अभ्यास २०१५चा. साप शिकतो, लक्षात ठेवतो, आणि काय सुरक्षित, काय धोक्याचं याचा हिशेब ठेवतो. त्या हिशेबात माणसाचं पान असतं. पानावर नाव मात्र बहुधा नसतं.

तो तुमच्या हातात वळवळतो त्याचं कारणही याच हिशेबात आहे. मुलगी त्याला उचलताना नीट पाहा, मोबाईलवर चित्रण केलंत तर उत्तम. मला खात्री आहे ती बाजूने हात घालत असेल, शरीराच्या मधल्या भागाखाली. मग हात सैल ठेवून त्याला बोटांतून पुढे जाऊ देत असेल, पुढचा हात मागच्या हाताच्या पुढे आणत. तुम्ही काय करता? पेटी वरून उघडणारी असेल तर हात वरून येतो. घार, कोल्हा, मांजर, सापाचे बरेच शत्रू वरूनच येतात. शिवाय तुम्ही मनातून घाबरलेल्या, म्हणून मूठ आवळता, आणि आवळलेली मूठ म्हणजे त्याच्या अंगाला जबडाच. तो सुटायला बघतो, तुम्ही आणखी घट्ट धरता, मग शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून तो घाणेरडा स्राव येतो. ओढणीचं झालं ते हे. त्याने तुम्हाला परकं ठरवून शिक्षा दिलेली नाही. अशाच पद्धतीने मुलीने धरलं असतं तर तिच्यावरही तोच प्रसाद.

वाचायला शिकायच्या खुणा थोड्याच आहेत. मान इंग्रजी एसच्या आकारात मागे खेचली, शेपटीचं टोक थरथरलं, जीभ बाहेर यायची थांबली आणि अंग ताठ झालं, की खाली ठेवा. जीभ सावकाश चालू, पोटाचे खवले तुमच्या त्वचेवर हलकेच रोवत पुढे जाणं, मध्येच थांबून हातावर सैल पडणं, ही निवांतपणाची चिन्हं. बाहीत शिरून बसला तर लाडात आला असं समजू नका. आपली त्वचा साधारण ३३ अंशांच्या आसपास असते, म्हणजे त्याच्या पेटीच्या उबदार टोकाहूनही किंचित गरम, वर बाहीत अंधार. सापाला याहून चांगली जागा कुठे मिळणार? (व्हॉट्सॲपवर अजगर मालकिणीशेजारी सरळ झोपून तिची लांबी मोजतो ती गोष्ट फिरते. ती थाप आहे. सासूबाईंना पाठवू नका.)

तुम्हाला आणि मुलीला हौस असेल तर घरच्या घरी एक चाचणी करता येईल. तीन सारखे, बिनवासाच्या पावडरीने धुतलेले सुती रुमाल घ्या. एक मुलीने रात्रभर अंगाशी ठेवायचा, एक मक्याने कधीच न पाहिलेल्या कोणीतरी, तिसरा कोराच. हाताळताना प्रत्येकासाठी वेगळा चिमटा. एका वेळी दोन रुमाल पेटीच्या दोन बाजूंना ठेवा आणि चित्रण करा. नंतर चित्रण पाहून जिभेचे झोके मोजायचे ते अशा व्यक्तीने, जिला कुठला रुमाल कोणाचा हे माहीत नाही. ही अट सोडलीत तर सगळं मुसळ केरात, कारण मोजणारा आपल्याला हवं तेच मोजतो. बाजू बदलून, मध्ये काही दिवस सोडून पुन्हा करा. खाल्ल्यावर दोन-तीन दिवस नको, आणि कात टाकायच्या सुमारास डोळे दुधाळ झाले असतील तेव्हा तर अजिबात नको, त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही आणि तो चिडका असतो.

निकाल वाचताना एक सांभाळा. परक्याच्या रुमालापाशी तो जास्त रेंगाळला तर मुलीने रडू नये. नव्या वासाची चौकशी जास्त करावी लागते, ओळखीचा वास एका झोक्यात निकालात निघतो. कमी लक्ष हीच कित्येकदा ओळखीची खूण असते. मग पुढच्या फेरीत मुलीचा आणि तुमचा, असे दोन घरचेच रुमाल ठेवून पाहा. फरक दिसला तरी 'वास वेगळे कळतात' एवढंच म्हणता येईल, पण दिसला तर मला कळवा.

मोठ्या सापांच्या बाबतीत 'तो मला ओळखतो' हा विश्वास महागात पडतो, म्हणून हे जरा ठासून सांगतो. साप चावतो ते मुख्यतः दोन कारणांनी, भीतीने किंवा भुकेने, आणि भुकेचा चावा ओळखीपाळखीला विचारत नाही. उंदराचा वास लागलेला गरम हात त्याच्यापुढे आला तर तो हात कोणाचा हा प्रश्नच उरत नाही. मी जिथे काम करायचो तिथे एक मोठी बोआ (अजगरासारखीच सापाची जात) होती. एक ठराविक राखणदार आला की काचेपाशी यायची, आणि तो ते कौतुकाने सगळ्यांना दाखवायचा. नंतर लक्षात आलं की खाण्याची गाडी ढकलत कोणीही आलं तरी ती तशीच येते. चाकांची थरथर जमिनीतून पोहोचत होती आणि ती थरथर म्हणजे ससा. तो राखणदार मोकळ्या हाताने आला तर ती हलायचीसुद्धा नाही. म्हणून जाणकार लोक खायला घालताना लांब चिमटा वापरतात आणि हाताळायच्या दिवशी आधी साप उचलायच्या आकड्याने किंवा कागदाच्या नळीने अंगावर हलकेच टेकवतात. हा स्पर्श म्हणजे 'आज जेवण नाही'. काही आठवड्यांत साप ते शिकतो आणि ती खूण कोणीही केली तरी चालते.

सासूबाईंच्या डूखाकडे येतो. नागाला दुखवलं तर तो त्या माणसाला लक्षात ठेवून वर्षांनी सूड घेतो, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. त्याला आधार नाही. डिवचलेला साप त्या क्षणी पळतो किंवा चावतो, मागाहून माग काढत येत नाही. पण गंमत अशी, की डुखाला हसणारी तरुण मंडळी 'माझा पायथन माझ्यावर प्रेम करतो' म्हणतात तेव्हा तेही सासूबाईंचीच गोष्ट उलटी करून सांगत असतात. सूडाला लागते तीच ओळख, तीच स्मृती आणि तोच भाव प्रेमालाही लागतो. एक भाकड मानायचं तर दुसरंही तपासून घ्यायला हवं.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक इशारा. इंग्लंडात कॉर्न स्नेक पाळायला परवाना लागत नाही. भारतात धामण, नाग, अजगर असा देशी साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे, 'वाचवला आणि लळा लागला' ही सबब चालत नाही. बॉल पायथनसारख्या परदेशी, वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या (CITES) प्रजातीसाठी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. ओळखतो का, हे पुढचं पाहू.

आता सप्टेंबर. मुलगी जायच्या दीड-दोन महिने आधी तयारी सुरू करा. पहिले काही दिवस मक्याला हातच लावू नका, फक्त पाणी बदला, विष्ठा उचला, आणि पेटीत तुमचा हात बाजूने, सावकाश आत गेलेला त्याला रोज दिसू द्या. तुम्ही रात्रभर वापरलेला एखादा जुना टीशर्ट त्याच्या लपायच्या जागेजवळ ठेवा. त्यानंतर मुलगी शेजारी असताना पाच-पाच मिनिटं हातात घ्या, जमिनीवर बसून, म्हणजे सुटला तरी उंचावरून पडणार नाही आणि तुमची मूठही आपोआप सैल राहील. फोडणी देऊन थेट त्याच्याकडे जाऊ नका. आधी आणि नंतर हात बिनवासाच्या साबणाने धुवा. आधीचं त्याच्यासाठी, नंतरचं तुमच्यासाठी, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. खायला घातल्यावर ४८ तास हाताळायचं नाही. दिव्यांची वेळ, उबदार टोकाचं तापमान, खाण्याचा वार, यातलं काहीही मुलगी गेल्याच्या आठवड्यात बदलू नका. माणूस बदलला तरी बाकी सगळं तसंच राहिलं तर त्याला जाणवणारा बदल फार छोटा असतो.

ती गेल्यावर त्याने एक-दोन वेळा उंदीर नाकारला तर ते विरह म्हणून घेऊ नका. हवा थंड होऊ लागली की पुष्कळ कॉर्न स्नेकांची भूक मंदावते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे नेमका तोच काळ. स्वयंपाकघरातल्यासारखाच एक वेगळा वजनकाटा घ्या, दर पंधरवड्याला डब्यात ठेवून वजन करा आणि वहीत लिहा. वजन टिकून असेल तर वाट पाहा. सलग घसरत असेल, तोंडाशी फेस दिसला किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, तर सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याकडे न्या, कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरकडे नाही.

ख्रिसमसला मुलगी आली की तिने पेटीत थेट हात घालू नये. नवं शहर, नवा साबण, हॉस्टेलचा वास, या सगळ्यासकट ती येणार. आधी हाताची पालथी बाजू त्याच्यापुढे धरून त्याला जीभ लपलपवू द्यायची आणि नंतर बाजूने उचलायचं. मला विचाराल तर दोन मिनिटांत तो पूर्वीसारखा तिच्या मनगटावर असेल, आणि ती म्हणेल, बघ, ओळखलं. त्यावर वाद घालायला बसू नका. फक्त नंतर एकदा त्याला तिच्या रूममेटच्या हातात द्या, तिला सैल हाताने धरायला आधी शिकवून, आणि काय होतं ते पाहा.